एज्युकेशन लोनचे हप्ते सुरू होतायत? मग आधी ही कामं उरका

कोर्स संपला, जॉब लागलाय किंवा लागेल लागेल म्हणतोय, आणि बँकेचा मेसेज येऊन पडलाय की अमुक तारखेपासून तुमचा हप्ता सुरू. बहुतेक पोरं इथे पहिल्यांदा लोनचा आकडा नीट बघतात आणि तोंडचं पाणी पळतं, कारण घेतले होते आठ लाख आणि स्टेटमेंटवर दिसतायत पावणेअकरा. मी अंधेरीला एका ऑफिसात पेरोल बघते, त्यामुळे दर वर्षी नवीन जॉइन झालेली मुलंमुली डब्यानंतर हळूच येऊन हेच प्रश्न विचारतात. म्हटलं एकदा सगळं सविस्तर लिहूनच टाकावं.

माझं मत आधीच सांगते म्हणजे पुढचं वाचताना गोंधळ नको. कागदावर मुदत लांब घ्या, हप्ता झेपेल एवढाच ठेवा, आणि हातात पैसे आले की वरून भरत राहा. घरातली मोठी माणसं म्हणतील लवकर फेड, मोठा हप्ता घे, आणि त्यांचं व्याजाचं गणित चूक नाहीये, पण पंचवीस हजारांत मुंबईत राहणाऱ्या माणसाला मोठ्या हप्त्याची सक्ती परवडत नाही. का ते खाली येईलच.

पहिलं काम: खरा आकडा काढा

सँक्शन लेटर, म्हणजे लोन मंजूर झाल्याचं बँकेचं पत्र, शोधा. मेलमध्ये नसेल तर बाबांच्या कपाटातल्या त्या प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये असेल. त्यात चार गोष्टी बघायच्या: व्याजदर फ्लोटिंग (बदलता) आहे की फिक्स्ड (ठरलेला), तो रेपोला (रिझर्व्ह बँक ज्या दराने बँकांना पैसे देते तो दर) जोडलाय की एमसीएलआरला (बँकेने स्वतःच्या खर्चावरून काढलेला दर), मोरॅटोरियम (हप्ता नसलेला काळ) कधी संपतो, आणि परतफेडीची मुदत किती. सरकारी बँका साधारण इंडियन बँक्स असोसिएशन (आयबीए) या बँकांच्या संघटनेच्या मॉडेल स्कीमप्रमाणे चालतात, म्हणजे कोर्सचा काळ अधिक एक वर्ष हप्ता नाही आणि त्यानंतर जास्तीत जास्त १५ वर्षांत फेड. प्रायव्हेट बँका आणि एनबीएफसी (बँक नसलेल्या, कर्ज देणाऱ्या कंपन्या) यांचे नियम वेगळे असतात, काही जण तर कोर्स चालू असतानाच थोडं व्याज मागतात.

आता ते आठाचे पावणेअकरा कसे झाले ते बघा. समजा चार वर्षांचं इंजिनिअरिंग, दर वर्षाच्या सुरुवातीला २ लाख असे मिळून ८ लाख घेतले, दर १० टक्के. मोरॅटोरियममध्ये साधं व्याज लागतं, म्हणजे प्रत्येक २ लाखांवर वर्षाला २० हजार. पहिल्या वर्षाच्या पैशांवर पाच वर्षं व्याज चढलं, १ लाख. दुसऱ्याच्यावर ८० हजार, तिसऱ्याच्यावर ६०, चौथ्याच्यावर ४०. एकूण २ लाख ८० हजार. मोरॅटोरियम संपला की हे सगळं मुद्दलात मिसळतं आणि तुमचं लोन आता १० लाख ८० हजारांचं, पुढचं व्याज या आकड्यावर. बँकेने फसवलं वगैरे काही नाही, हे सगळं सँक्शन लेटरमध्येच असतं, फक्त ॲडमिशनच्या धावपळीत सही करताना कोण वाचतंय.

अजून कोर्स चालू असेल तर

हे वाचणाऱ्यांत कोणी थर्ड इयरला असेल तर तुम्ही नशीबवान. त्या २ लाख ८० हजारांतले जेवढे आत्ता भराल तेवढे मुद्दलात मिसळणार नाहीत. स्टायपेंड, ट्यूशनचे पैसे, आजीने दिवाळीला दिलेले, काहीही. लोन अकाउंटला नंबर आणि आयएफएससी असतो, बहुतेक बँकांत नेहमीच्या खात्यासारखे पैसे ट्रान्सफर करता येतात. मॉडेल स्कीममध्ये असंही आहे की शिकताना व्याज पूर्ण भरत राहिलात तर बँक दरात १ टक्का सवलत देऊ शकते. 'देऊ शकते' म्हणजे सगळ्याच देतात असं नाही, तेव्हा ब्रँचला विचारा, आणि तोंडी नको, मेलवर.

पण घर जेमतेम चालत असेल तर यासाठी ओढाताण करू नका, क्रेडिट कार्डावर पैसे उचलून तर अजिबात नको.

सबसिडी खरंच जमा झाली का

हे मी मुद्दाम हप्त्याच्या आधी घेतलं, कारण इथे पैसे अडकलेले असतात आणि मुलांना पत्ताच नसतो. केंद्र सरकारची व्याज सबसिडीची योजना २००९ पासून आहे, घरचं वार्षिक उत्पन्न साडेचार लाखांपर्यंत असेल आणि कोर्स प्रोफेशनल किंवा टेक्निकल असेल तर मोरॅटोरियमचं व्याज सरकार भरतं, आता १० लाखांपर्यंतच्या कर्जाला, आधी ही मर्यादा साडेसात लाख होती. त्यानंतर नोव्हेंबर २०२४ मध्ये पीएम विद्यालक्ष्मी मंजूर झाली, त्यात सरकारच्या यादीतल्या संस्थांत शिकणाऱ्यांना, उत्पन्न आठ लाखांपर्यंत असेल तर, १० लाखांपर्यंतच्या कर्जावर मोरॅटोरियममध्ये ३ टक्के व्याज सवलत. शिवाय राज्याच्या इतर मागासवर्गीय वित्त आणि विकास महामंडळाची शैक्षणिक कर्ज व्याज परतावा योजना आहे, ओबीसी मुलांनी ती जरूर बघावी.

अर्ज केला होता, तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला दिला होता, आणि तरी स्टेटमेंटमध्ये सबसिडीची एंट्री नाही, असं बऱ्याचदा होतं. म्हणून पहिल्या दिवसापासूनचं पूर्ण लोन स्टेटमेंट काढा, पेन घेऊन एकेक ओळ खाली जा, फीचा हप्ता, व्याज, व्याज, व्याज, आणि मध्ये कुठे सबसिडी क्रेडिट दिसतंय का बघा. नसेल तर मोरॅटोरियम संपून ते व्याज मुद्दलात जायच्या आत ब्रँचला लेखी द्या. नंतर मिळणारच नाही असं नाही, पण नंतर फेऱ्या जास्त.

हप्ता किती ठरवायचा

आता मुख्य विषय. तेच १० लाख ८० हजार, १० टक्के दराने:

७ वर्षांत फेडायचे तर हप्ता साधारण १७,९००, एकूण भरणा १५ लाखांच्या आसपास.
१० वर्षांत तर हप्ता साधारण १४,२७०, एकूण १७ लाख १३ हजार.
१५ वर्षांत तर हप्ता साधारण ११,६००, एकूण जवळजवळ २० लाख ९० हजार.

शेवटची ओळ वाचून वाटतं की पंधरा वर्षं घेणं म्हणजे वेडेपणा. थांबा जरा. समजा हातात ३२ हजार येतात. ऐरोलीला तिघांत रूम, भाडं आणि लाईट बिल धरून ९ हजार, डबा ४ हजार, ट्रेनचा पास आणि स्टेशनपासूनची शेअर रिक्षा, मोबाईल, घरी पाठवायचे थोडे. यात १७,९०० बसवून दाखवा. बसलेच तरी डिपॉझिट वाढलं, कोणी आजारी पडलं, कंपनीने पगार पंधरा दिवस लांबवला की पहिला हप्ता चुकणार. आणि हप्ता चुकला की तुमच्याबरोबर को-बॉरोअर (सहकर्जदार) असलेल्या बाबांचाही सिबिल (कर्जफेडीचा स्कोअर) खराब होतो, हे कोणी सांगत नाही.

११,६०० चा हप्ता घेतलात आणि हातात राहिलेल्यातले महिन्याला २-३ हजार स्वतःहून वरून भरलेत तर तुम्ही दहा वर्षांच्या रस्त्यालाच लागलात, फरक एवढाच की ज्या महिन्यात जमलं नाही त्या महिन्यात कोणी फोन करणार नाही. व्यक्तीने घेतलेल्या फ्लोटिंग रेटच्या कर्जावर प्रीपेमेंट (मुदतीआधी फेडण्याचा) चार्ज घ्यायचा नाही असं रिझर्व्ह बँकेने २०१४ लाच सांगितलंय, त्यामुळे या सोयीचे पैसे पडत नाहीत. फिक्स्ड रेट असेल तर मात्र ॲग्रीमेंट बघा.

अर्थात हे ज्यांना स्वतःचा भरवसा आहे त्यांच्यासाठी. उरलेले पैसे गोव्यात आणि नव्या फोनमध्ये जाणार हे माहीत असेल तर सरळ मोठा हप्ता घ्या, तुमच्यासाठी सक्तीच बरी.

काही बँकांकडे स्टेप-अप हप्ता मिळतो, सुरुवातीला कमी आणि पगार वाढेल तसा जास्त. ऐकायला छान वाटतं, पण सुरुवातीचा हप्ता नुसतं व्याज भरण्याइतकाच नाही ना हे विचारा, नाहीतर दोन वर्षं भरूनही मुद्दल जागचं हलत नाही.

तारखेचं बघा, हे लहान वाटतं पण

आमच्या ऑफिसात एक मुलगा जॉइन झाला, पगार ७ तारखेला, हप्ता ५ ला. त्याला वाटलं दोन दिवस इकडेतिकडे काय होतंय. ५ ला सकाळी ऑटो-डेबिट आलं, खात्यात चौदाशे रुपये, बाउन्स. लोनवाल्यांनी बाउन्स चार्ज लावला, पगाराच्या बँकेने वेगळा रिटर्न चार्ज लावला, वर जीएसटी. पुढच्या महिन्यात परत तेच. तो म्हणाला, "मॅडम, मी पैसे तर भरतोच आहे ना सातला." भरत होताच, पण बँकेच्या रेकॉर्डला दर महिन्याला दोन दिवस उशीर दिसत होता. अर्ज देऊन तारीख १० करून घेतली, विषय संपला.

तर, हप्त्याची तारीख पगाराच्या तारखेनंतर तीन-चार दिवस ठेवा. ई-नॅच मँडेट (हप्ता खात्यातून आपोआप कापायची परवानगी) ज्या खात्यावर आहे तेच खातं पगाराचं आहे का बघा, जॉब बदलला की नवीन कंपनी दुसऱ्या बँकेत खातं उघडते आणि जुन्या खात्यात पैसे टाकायचे राहून जातात. एका हप्त्याएवढी रक्कम त्या खात्यात कायम पडून असू द्या, तिला हात नाही लावायचा.

वरून पैसे भरताना

बोनस आला, कोणाचे उधारीचे पैसे परत आले, भरायचे कसे? अकाउंटला टाकले की झालं असं बऱ्याच बँकांत असतं, थकबाकी कमी होते, हप्ता तोच राहतो आणि मुदत आपोआप आखडते. पण काही ठिकाणी जास्तीची रक्कम 'ॲडव्हान्स ईएमआय' म्हणून बाजूला ठेवतात आणि पुढच्या महिन्याच्या हप्त्यात वळवतात, मग व्याज वाचायचं राहतं. म्हणून भरल्यावर मेल टाका: ही रक्कम मुद्दलात वळती करा, हप्ता तोच ठेवा, मुदत कमी करा. दुसऱ्या दिवशी स्टेटमेंट बघा.

याने किती फरक पडतो? १० लाख ८० हजार, १० वर्षं, हप्ता १४,२७०, आणि वर्षातून एकदा ५० हजार वरून भरले तर लोन सात वर्षांच्या आतच संपतं. सुरुवातीच्या वर्षांत भरलेले पैसे सगळ्यात जास्त काम करतात, कारण तेव्हा हप्त्यातला मोठा भाग व्याजातच जात असतो. वरच्या उदाहरणात पहिल्या हप्त्याच्या १४,२७० पैकी ९,००० व्याज आहे.

याच्या आधी मात्र तीन महिन्यांच्या खर्चाएवढे पैसे एफडीत बाजूला ठेवा. लोनमध्ये गेलेले पैसे परत मागता येत नाहीत.

दर जास्त वाटतोय?

१ ऑक्टोबर २०१९ पासून बँकांची नवीन फ्लोटिंग रिटेल कर्जं रेपोसारख्या बाहेरच्या दराला जोडलेली असतात आणि निदान तीन महिन्यांतून एकदा रीसेट होतात. २०२५ मध्ये फेब्रुवारी ते जून एवढ्यातच रेपो ६.५० वरून ५.५० वर आला, ज्यांचं लोन रेपोला जोडलेलं त्यांचा दर खाली आला, एमसीएलआरवाले किंवा एनबीएफसीवाले मागेच राहिले. जुन्या एमसीएलआरवर असाल तर बँकेतच अर्ज देऊन रेपोवर या, थोडी फी लागू शकते.

एनबीएफसीकडून बारा-तेरा टक्क्यांनी घेतलं असेल आणि आता दीड-दोन वर्षांचा जॉब आणि बरा सिबिल असेल तर टेकओव्हरचा, म्हणजे लोन दुसऱ्या बँकेकडे नेण्याचा, विचार करा. स्टेट बँकेसारख्या बँका दुसरीकडचं एज्युकेशन लोन घेतात, रक्कम मोठी असेल तर तारण मागतात. दरातला फरक बघाच, पण प्रोसेसिंग फी, स्टॅम्प ड्युटी आणि फ्लॅट तारण ठेवायचा असेल तर वकिलाच्या रिपोर्टचा खर्च, हे सगळं बेरजेत धरा. आणि मुदत परत पंधरा वर्षांवर नेऊन हप्ता कमी झाला म्हणून खूश होऊ नका. टेकओव्हर लोन हे एज्युकेशन लोनच राहील ना हेही विचारून घ्या, पर्सनल लोन घेऊन एज्युकेशन लोन फेडलंत तर टॅक्सची सूट जाऊ शकते.

टॅक्स

ज्याला सगळे ८०ई म्हणतात ती एज्युकेशन लोनची इन्कम टॅक्समधली सूट फक्त व्याजावर आहे, मुद्दलावर नाही. वरची मर्यादा नाही, पण व्याज भरायला सुरुवात केलेल्या वर्षापासून आठच वर्षं मिळते, आणि फक्त जुन्या रेजीममध्ये (टॅक्स मोजायच्या जुन्या पद्धतीत). नव्या रेजीममध्ये २०२५-२६ पासून पगारदाराला पावणेतेरा लाखांपर्यंत तसाही टॅक्स बसत नाही, त्यामुळे बहुतेक फ्रेशरना ८०ईचा काही उपयोग नाही आणि त्यासाठी जुनी रेजीम निवडायची गरज नाही. दर जानेवारीत कोणीतरी हौसेने व्याजाचं सर्टिफिकेट आणून देतं आणि मला ते परत द्यावं लागतं.

हां, बाबा किंवा आई को-बॉरोअर आहेत, जुन्या रेजीममध्ये आहेत आणि स्वतःच्या खात्यातून व्याज भरतायत, तर सूट त्यांना मिळू शकते. रिटायर व्हायला तीन-चार वर्षं असलेल्या, तीस टक्क्यांच्या स्लॅबमधल्या आईबाबांसाठी हे बघण्यासारखं आहे. एकदा सीएला विचारा.

जॉब गेला किंवा लागलाच नाही

पाचावर धारण बसते हे मान्य, पण या वेळी बँकेला टाळणं हा सगळ्यात महागडा उपाय आहे. ९० दिवस थकलं की खातं एनपीए (थकीत कर्ज) होतं, त्याच्या आधी ३० आणि ६० दिवसांना बँकेच्या सिस्टीममध्ये वेगवेगळे शेरे पडतात. पहिल्या तीस दिवसांच्या आत ब्रँचला जा, ऑफर रद्द झाल्याचा मेल किंवा रिलीव्हिंग लेटर घेऊन. आयबीएच्या मॉडेल स्कीममध्ये बेकारीच्या काळासाठी कर्जाच्या आयुष्यात दोन-तीन वेळा मोरॅटोरियम देण्याची तरतूद आहे, स्टार्टअप करणाऱ्यांसाठीसुद्धा आहे. प्रत्येक बँकेने ती स्वीकारलीच असेल असं नाही, पण काउंटरवरच्या माणसाला हे माहीत नसू शकतं म्हणून तुम्हीच अर्जात त्याचा उल्लेख करा. नाहीच जमलं तर मुदत वाढवून हप्ता कमी करून मागा, निदान काही महिने फक्त व्याज भरू द्या म्हणा. पोचपावतीचा शिक्का घेतल्याशिवाय बाहेर पडू नका.

वसुलीवाल्यांचे फोन सुरू झाले तर हे माहीत असू द्या: सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर त्यांनी फोन करायचा नाही, शिवीगाळ करायची नाही, नातेवाईक-मित्रांना फोन करून बदनामी करायची नाही. आधी बँकेकडे लेखी तक्रार, ३० दिवसांत उत्तर नाही किंवा समाधान नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन, फुकट. १४४४८ वर माहिती मिळते.

'सेटलमेंट करून टाका, अर्ध्यात मिटवतो' अशी ऑफर आली की मोह होतो. सिबिलमध्ये 'सेटल्ड' असा शेरा पडतो आणि उद्या वसईला किंवा बदलापूरला वन बीएचके बघायला जाल तेव्हा होम लोनवाले तोच शेरा दाखवतील. अगदीच दुसरा मार्ग नसेल तरच.

बाहेर शिकायला गेलेल्यांसाठी थोडंसं

कर्ज रुपयांत, पगार डॉलर किंवा पाउंडांत, म्हणून फेड सोपी वाटते आणि जॉब असेल तर असतेही. एनआरआय झालात की इथलं साधं सेव्हिंग खातं एनआरओ (एनआरआयचं भारतातल्या पैशांचं खातं) करून घ्या, हप्ता एनआरई (बाहेरून पाठवलेल्या पैशांचं खातं) किंवा एनआरओमधून जाऊ द्या. आणि इथे राहणाऱ्या को-बॉरोअरच्या मोबाईलवर बँकेचे मेसेज जातायत का बघा, नंबर बदलल्यामुळे तीन महिने कोणाला कळलंच नाही असे प्रकार होतात.

शेवटचा हप्ता गेल्यावर

इथे लोक पेढे वाटतात आणि कागद विसरतात. फोरक्लोजर स्टेटमेंट (लोन बंद करतानाचा हिशोब) घ्या, खात्यात पाच-दहा रुपये व्याजाचे राहिले नाहीत ना बघा, तेवढ्यावरूनही खातं उघडं राहतं. नो ड्यूज सर्टिफिकेट (काही बाकी नाही असं पत्र) घ्या, नॅच मँडेट कॅन्सल करा. घर तारण असेल तर पूर्ण फेडल्यापासून ३० दिवसांत मूळ कागदपत्रं परत द्यायची असा रिझर्व्ह बँकेचा नियम डिसेंबर २०२३ पासून आहे, बँकेकडून उशीर झाला तर दिवसाला ५ हजार रुपये भरपाई. कागद घेताना यादीशी ताडून घ्या, जुनं चेन ॲग्रीमेंट (आधीच्या मालकांचे करार), पावत्या, शेअर सर्टिफिकेट, सगळं. मुंबईत फ्लॅट सोसायटीचा असतो, त्यामुळे बँकेचं पत्र सोसायटीच्या सेक्रेटरीला देऊन त्यांच्या रजिस्टरमधला बँकेचा बोजा काढून घ्यायचा, नाहीतर दहा वर्षांनी फ्लॅट विकताना त्या बोजापायी परत ब्रँच शोधत फिरावं लागतं आणि तोपर्यंत ती ब्रँच दुसऱ्याच बँकेत मर्ज झालेली असते. दोन-एक महिन्यांनी सिबिलचा वर्षाचा फुकट रिपोर्ट काढा, तुमचा आणि को-बॉरोअरचा दोन्ही, त्यात लोन 'क्लोज्ड' दिसलं पाहिजे. नसेल तर तिथेच डिस्प्यूट टाकता येतो, नो ड्यूजची कॉपी हाताशी असू द्या.